गार इंजिन, अर्धी टाकी: जुनी मोटारसायकल घेतानाच्या नोंदी

एक सिलिंडरची, कार्बोरेटरवर चालणारी, सुमारे दहा वर्षे वापरलेली मोटारसायकल विकत घ्यायची आणि ती रोजच्या वापरास भरवशाची करायची, एवढेच हे काम होते. ते करताना ठेवलेल्या नोंदी पुढे देत आहे. खर्चाचे आकडे खरेदीच्या किमतीच्या टक्क्यांत लिहिले आहेत, म्हणजे वाचणाऱ्याला ते आपल्या गाडीला लावून पाहता येतील.

६ जानेवारी

गाड्या पाहायला जाण्यापूर्वी पिशवी भरली. तिच्यात टॉर्च, दंतवैद्य वापरतात तसा लांब दांडीचा छोटा आरसा, लोहचुंबक, मल्टिमीटर, स्टीलची पट्टी, व्हर्नियर (जाडी मोजायचे साधन), पातळ हातमोजे, जुने फडके आणि लांब सुतळी आहे. तपासणीचा क्रम वहीत लिहून घेतला: आधी कागदपत्रे, मग गार इंजिन, मग चेसिस आणि चाके, आणि सर्वांत शेवटी चालवून पाहणे. गाडी चालवून आवडली की माणूस तिच्या उणिवांना सबबी शोधू लागतो, म्हणून चालवणे मुद्दाम शेवटी ठेवले.

९ जानेवारी: पहिली गाडी

दिसायला ही गाडी उत्तम होती, रंग चकचकीत होता आणि सीट नवी होती. तरी वीस मिनिटांत नाही म्हणालो.

हँडल एका बाजूला पूर्ण वळवले की ते ज्या लोखंडी अटकावाला टेकते तो अटकाव चेसिसच्या मानेवर असतो. तो दोन्ही बाजूंना सारखा असायला हवा. या गाडीत उजव्या बाजूचा अटकाव चेपून सपाट झाला होता आणि त्याच्या मुळाशी रंगाला बारीक तडा होता. गाडी जोरात आपटून हँडल एकदम फिरल्याशिवाय तो भाग असा चेपत नाही. नंतर गाडी सरळ उभी करून मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांनी सुतळी पुढच्या चाकापर्यंत ताणली, तेव्हा डाव्या आणि उजव्या अंतरांत सात मिलिमीटरचा फरक आला. मागचे चाक चेनच्या खुणांवर दोन्हीकडे सारखेच बसवलेले होते, त्यामुळे दोष चाक बसवण्यात नव्हता. इंडिकेटर, लिव्हर आणि फूटरेस्ट बदलले की पडझड झाकली जाते, पण वाकलेली चेसिस झाकता येत नाही.

१३ जानेवारी: दुसरी गाडी

इंजिन गार होते. सुरू करताच सायलेन्सरमधून निळसर धूर आला. तेवढ्यावर मी थांबलो नसतो, कारण सुरू करताना एकदाच फसकन येणारा निळा धूर बहुधा व्हॉल्व्हच्या सीलचा असतो आणि ती दुरुस्ती आवाक्यातली असते. पण ही गाडी वेग घेतानाही निळा धूर सोडत होती, म्हणजे पिस्टनच्या रिंगा झिजल्याची शंका होती. इंजिनात ऑइलही खालच्या खुणेच्या खाली होते. कागदांवर कर्जाचा बोजा अजून चढलेला होता आणि तो उतरवल्याचे पत्र "पुढच्या आठवड्यात मिळेल" असे सांगितले गेले. इंजिन उघडायची तयारी असती तरी या कागदांवर पैसे देणे योग्य नव्हते.

१७ जानेवारी: तिसरी गाडी, आणि खरेदी

आजची नोंद सविस्तर लिहितो, कारण पुढच्या सगळ्या त्रासाचे मूळ आजच्या दोन तासांत आहे.

कागद स्वच्छ होते. नोंदणीवरचे नाव आणि समोरच्या गृहस्थांच्या ओळखपत्रावरचे नाव एकच होते, बोजा नव्हता आणि विमा चालू होता. चेसिस क्रमांकाची सतरा अक्षरे एक एक करून कागदाशी ताडून पाहिली. या क्रमांकांत इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरे कधीच वापरत नाहीत, म्हणून तसे काही दिसले तर तो कागद चुकीचा किंवा क्रमांक खोटा समजावा. ठशांभोवती घासल्याच्या खुणा नव्हत्या आणि सर्व अक्षरे एका ओळीत, सारख्या खोलीची होती. इंजिन क्रमांकही जुळला.

मग इंजिनाला हाताची मागची बाजू लावली. ते चांगलेच गरम होते. "तुम्ही येणार म्हणून आत्ताच एक चक्कर मारून आणली, म्हणजे तुम्हाला ताटकळायला नको," असे गृहस्थ म्हणाले. त्यांचा हेतू वाईट होता असे मला अजूनही वाटत नाही. पण मी तेव्हाच "उद्या सकाळी येतो, तोवर सुरू करू नका" असे म्हणायला हवे होते. दोन गाड्या नाकारून दमलो होतो आणि तिसरी हातची जाऊ नये असे वाटत होते. ती घाई नडली.

दुसरी चूक टाकीची. गृहस्थांनी टाकी काठोकाठ भरून ठेवली होती आणि ते पेट्रोल आपल्याकडून भेट म्हणून सांगितले. मी झाकण उघडले, टॉर्च मारला, वर पेट्रोल चमकताना पाहिले आणि झाकण लावले. भरलेल्या टाकीत आतला पत्रा दिसतच नाही, हे माझ्या ध्यानात आले नाही.

तिसरी चूक हँडलची. गाडी अरुंद बोळात उभी होती आणि डबल स्टँडवर घेऊन पुढचे चाक उचलायला जागा नव्हती. गाडी मोकळ्या जागेत न्यायला दोन मिनिटेही लागली नसती, तरी मी ती तपासणी सोडून दिली.

जे तपासले ते मात्र नीट तपासले. बॅटरी इंजिन बंद असताना १२.५ व्होल्ट आणि रेस केल्यावर १४.१ व्होल्ट दाखवत होती, म्हणजे चार्जिंग ठीक होते. पुढच्या डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, ती ३.५ मिलिमीटर होती आणि व्हर्नियरवर ४.१ आली. मागच्या टायरवरचे शेवटचे चार आकडे ३११६ होते, म्हणजे तो टायर २०१६ च्या एकतिसाव्या आठवड्यात बनलेला होता. त्याची नक्षी भरपूर शिल्लक होती, पण कडेला केसासारख्या भेगा पडल्या होत्या. हे रबर वापराने झिजण्याआधी वयाने संपले होते. मागच्या स्प्रॉकेटवर (चेन ज्यावर बसते त्या दातेरी चाकावर) सर्वांत मागच्या बिंदूशी चेन बोटाने ओढली, तेव्हा ती अर्ध्या दातापेक्षा जास्त उचलली गेली. त्यामुळे चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट बदलावे लागणार हे ठरले.

चालवताना गिअर सरळ पडले आणि दुसरा गिअर निसटला नाही. वरच्या गिअरमध्ये कमी वेगावर एकदम मूठ पिळली तरी इंजिन नुसते ओरडून गाडी मागे राहिली नाही, म्हणजे क्लच घसरत नव्हता. मात्र माणूस चालतो तितक्या वेगात गाडी सरळ जाईना. हँडल सारखे थोडे डावीकडे, थोडे उजवीकडे जात होते. मी दोष मागच्या जुन्या टायरला दिला.

टायर आणि चेन दाखवून मागितलेल्या किमतीतून १२ टक्के कमी करून घेतले आणि व्यवहार पुरा केला.

१८ जानेवारी

सकाळी इंजिन पूर्ण गार असताना सुरू करायला गेलो. सेल्फवर घेईना. चोक ओढून अकराव्या किकला सुरू झाले आणि पहिले सहा-सात सेकंद उजव्या बाजूने डब्यात खिळे हलवल्यासारखा खडखडाट आला, मग आवाज थांबला. टायमिंग चेनचा (इंजिनाच्या आत व्हॉल्व्ह चालवणाऱ्या साखळीचा) टेन्शनर चेनला ताण देत नसल्याचे हे लक्षण आहे. इंजिन तापले की हा आवाज येत नाही, म्हणून काल तो मला ऐकू येणे शक्यच नव्हते.

२१ आणि २२ जानेवारी

सहा किलोमीटर सारख्या वेगाने गेल्यावर, कोणी मूठ सोडावी तसा जोर कमी होत गेला आणि इंजिन बंद पडले. पाच मिनिटांनी पहिल्या किकला सुरू झाले आणि दोन किलोमीटरवर पुन्हा बंद पडले. तापल्यावर बंद पडते आणि थोडे गार झाल्यावर चालते म्हणजे इग्निशन कॉइल, असे मी धरून चाललो. तापल्यावर कॉइल दगा देते हे खरेच आहे, पण मी ठिणगी न तपासताच कॉइल आणि स्पार्क प्लग नवे घेतले. दुसऱ्या दिवशी सहाव्या किलोमीटरवर तेच झाले. खरेदीच्या ३ टक्के रक्कम आणि दोन दिवस वाया गेले.

२४ जानेवारी

आज गाडी बंद पडली त्याच जागी तपासली. आधी टाकीचे झाकण उघडले. हवा आत ओढल्याचा आवाज आला नाही आणि झाकण उघडे ठेवूनही फरक पडला नाही, म्हणून झाकणाचे हवेचे छिद्र बुजलेले नव्हते. प्लग काढून ठिणगी पाहिली, ती निळी आणि ठसठशीत होती. मग कार्बोरेटरच्या वाटीचा खालचा स्क्रू सैल करून पेट्रोल पारदर्शक बाटलीत घेतले. दोन चमचे आले आणि नंतर थेंब पडू लागले. बाटलीच्या तळाशी विटेच्या चुऱ्यासारखी लालसर पूड बसली.

पेट्रोल कॉकची नळी काढली तर धार सुतासारखी होती. कॉक खोलला, तेव्हा त्याच्या आतली जाळी गंजाने लिंपलेली निघाली. सावकाश गेलो की वाटी भरत राहायची, वेगात गेलो की भरण्यापेक्षा रिकामी लवकर व्हायची, आणि पाच मिनिटे थांबलो की पुन्हा भरायची. कॉइलचा वाटणारा दोष असा पेट्रोलचा निघाला. टाकी आता एक तृतीयांश उरली होती. आरसा आत घालून टॉर्च मारला, तर छताचा आणि बाजूंचा पत्रा तपकिरी होता.

२७ ते २९ जानेवारी: टाकी

सगळे काम उघड्यावर, आगीपासून दूर केले. पेट्रोल बंद कॅनमध्ये काढून टाकी साबणाच्या पाण्याने वास जाईपर्यंत धुतली. कॉकचे भोक रबरी बुचाने बंद केले, आत मोजून चाळीस छोटे नट टाकले आणि टाकी चादरीत गुंडाळून अर्धा तास सगळ्या बाजूंनी हलवली. बाहेर एकोणचाळीस नट आले. चाळिसावा आतल्या घडीत अडकला होता. सुतळीला चुंबक बांधून तो काढायला एक तास लागला. नट मोजून टाकले नसते तर तो आतच राहिला असता.

नंतर एका लिटर कोमट पाण्यास सुमारे शंभर ग्रॅम सायट्रिक ॲसिड असे द्रावण काठोकाठ भरून चोवीस तास ठेवले. पत्रा स्वच्छ राखाडी झाला. येथे पुन्हा चूक झाली. द्रावण ओतून, साध्या पाण्याने धुऊन टाकी रात्रभर तशीच पालथी ठेवली आणि सकाळी आतून नारिंगी थर आलेला होता. ॲसिडने उघडा पडलेला ओला पत्रा काही तासांत गंजतो. म्हणून तीन तास पुन्हा द्रावण भरले, ते काढताच खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने खळबळले, लगेच हवेच्या पंपाने वाळवले आणि थोड्या पेट्रोलमध्ये चमचाभर इंजिन ऑइल मिसळून ते आत फिरवले. या वेळी थर आला नाही.

कार्बोरेटर खोलून पायलट जेट (कमी वेगावर पेट्रोल सोडणारी बारीक भोकाची नळी) साफ केला. त्यात तार घालू नये, कारण भोक किंचित मोठे झाले तरी मिश्रण बिघडते. फवारा आणि दाबाची हवा पुरते. नवी जाळी, नवा फिल्टर आणि कार्बोरेटरच्या सुट्या भागांचे किट मिळून ३ टक्के खर्च झाला. गाडी आता दुसऱ्या किकला सुरू होते आणि वीस किलोमीटर न थांबता चालली.

३ फेब्रुवारी: हँडल

मागचा टायर नवा घातला, तरी सावकाश चालवताना हँडलचे डावे-उजवे तसेच राहिले. तेव्हा सतरा दिवसांपूर्वी सोडून दिलेली तपासणी केली. गाडी डबल स्टँडवर घेतली, इंजिनाखाली लाकडी ठोकळा देऊन पुढचे चाक जमिनीपासून उचलले आणि हँडल एका बोटाने हळू फिरवले. बरोबर मधोमध आल्यावर ते खाचेत बसल्यासारखे अडकत होते. कोनसेट (हँडल ज्यावर फिरते ते छऱ्यांचे बेअरिंग) खोलल्यावर वाट्यांत छऱ्यांचे सारख्या अंतरावरचे खळगे दिसले. गाडी बहुतेक वेळ सरळ चालते, खड्ड्यांचे हादरे छर्‍यांच्या त्याच जागी बसतात आणि तेथेच खळगे पडतात. मग हँडल त्या खाचेतून सुटून इकडे-तिकडे जाते.

नवा कोनसेट मेकॅनिककडून दाबून बसवून घेतला, पण नट मी घरी आवळला आणि जास्त आवळला. हँडल जड झाले आणि डोलणे उलट वाढले. नट थोडा थोडा सैल केला. मधोमधून हलकेच ढकलल्यावर हँडल आपोआप एका बाजूला पडते आणि पुढच्या फोर्कची (पुढचे चाक धरणाऱ्या दोन नळ्यांची) खालची टोके पुढे-मागे ओढली तर खटखट होत नाही, या दोन्ही गोष्टी एकदम साधल्यावर थांबलो. खर्च ४ टक्के.

१० फेब्रुवारी

टेन्शनर बदलला (३ टक्के) आणि सकाळचा खडखडाट गेला. त्याच बैठकीत टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांतली फट) तपासले. पुस्तिकेप्रमाणे गार इंजिनावर इनटेकला ०.०८ आणि एक्झॉस्टला ०.१२ मिलिमीटर फट हवी. इनटेक बरोबर होता, पण एक्झॉस्टमध्ये फट मोजायची ०.०५ ची पातळ पट्टीही कशीबशी शिरली. खरेदीच्या दिवशी वहीत "टॅपेटचा आवाज अजिबात नाही" हे मी जमेच्या बाजूला लिहिले होते. फट कमी झालेला टॅपेट वाजत नाही. पण एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नीट बसत नाही, त्याची उष्णता बाहेर जात नाही आणि शेवटी तो जळतो. बारीक, सारखी टिकटिक ऐकू येणे हेच बरे. टॅपेटच्या झाकणाच्या गॅस्केटला १ टक्का गेला.

जुनी चेन काढून ताणून मोजली. वीस पिचची (एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंत एक पिच) लांबी नवेपणी २५४ मिलिमीटर असते, ती २६० भरली.

१८ फेब्रुवारी: हिशेब

चेन-स्प्रॉकेटला ७ आणि टायरला ८ असे १५ टक्के खरेदीआधीच माहीत होते आणि त्यांतले बरेचसे किमतीतून वळते झाले. टाकी-कार्बोरेटर ३, कोनसेट ४, टेन्शनर ३, गॅस्केट १ आणि वाया गेलेली कॉइल व प्लग ३ असे १४ टक्के मात्र नंतर पुढे आले. ही सगळी रक्कम न तपासलेल्या तीन जागांतूनच निघाली: गरम इंजिन, भरलेली टाकी आणि जमिनीवर टेकलेले चाक. जे तपासले होते त्यातले एकही नंतर खोटे ठरले नाही. गाडी बत्तीस दिवसांपैकी अठरा दिवस खोललेल्या अवस्थेत उभी होती.

२ मार्च

मित्रासाठी एक गाडी पाहिली. आदल्या संध्याकाळी विक्रेत्यांना फोन करून सांगितले, "उद्या आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका, आणि पेट्रोलही भरू नका." त्यांनी ते पाळले. इंजिन गार होते, चोकवर तिसऱ्या किकला सुरू झाले, धूर नव्हता आणि खडखडाटही नव्हता. टाकी पाव भरलेली होती आणि आरशात पत्रा राखाडी दिसला. पुढचे चाक उचलून हँडल फिरवले, ते लोण्यासारखे फिरले.

डाव्या फोर्कवर मात्र ऑइलचे ओले कडे दिसले. धूळ अडवणारे रबर वर सरकवून नळीवरून नख फिरवले, तेव्हा ते दोन जागी अडले. क्रोमला गंजाचे खळगे होते. अशा नळीवर नवे सील घातले तरी ते खळगे त्याची कड पुन्हा कापतात, म्हणून सीलचा नव्हे, नळीचा खर्च मागितला. विक्रेत्यांनी अर्धा देऊ केला. मित्राने एक दिवस विचार करायला मागून घेतला आणि दुसऱ्या दिवशी त्याच रकमेवर गाडी घेतली. तपासणीला एक तास दहा मिनिटे लागली, त्यातली पंचवीस मिनिटे कागदांना.